एका षटकाचा सौदा : फिक्सिंगवाला मैदानाबाहेर जातो, मग कोर्टात सुटतो कसा?

फोपनार (जि. बऱ्हाणपूर) : आयपीएलच्या दिवसांत शेवटच्या षटकात एखादा सोपा झेल सुटला की फोपनारच्या ओट्यावरून हमखास आवाज येतो, ‘फिक्स आहे रे मॅच!’ रावेरला, धारणीला, तिकडे बेळगावला काही वेगळं होत नाही. राज्य बदलतं, वाक्य तेच राहतं. गंमत अशी की आयपीएल आल्यापासून भारतात जी मोठी प्रकरणं गाजली, त्यांत अख्खा सामना विकल्याचा आरोप क्वचितच होता. आरोप होता एका षटकाचा, एखाद्या नो-बॉलचा. सामना कोण जिंकलं याच्याशी त्या पैशाचा संबंधच नव्हता. यालाच स्पॉट-फिक्सिंग म्हणतात.

दुसरी गोष्ट लोकांना जास्त खटकते. खेळाडू पकडला जातो, तोंड झाकून पोलिसांच्या गाडीत बसवला जातो, क्रिकेट बोर्ड बंदी घालतं, आणि दोन वर्षांनी कोर्ट त्याला सोडतं. मग तो निर्दोष होता, की कायद्यातच भोक आहे? याचं उत्तर शोधायचं तर आधी पैसा कसा फिरतो ते बघावं लागेल.

सेशनचा हिशेब

सामना कोण जिंकणार यावर सट्टा लागतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण बुकीचा धंदा जास्त चालतो तो ‘सेशन’वर. पहिल्या सहा षटकांत किती धावा होतील, दहा षटकांत किती, यावर लागणारा सट्टा म्हणजे सेशन. बुकी एक भाव काढतो, समजा ४६-४८. ज्याला वाटतं ४८ किंवा जास्त होतील तो ‘येस’ घेतो. ज्याला वाटतं ४६ सुद्धा होणार नाहीत तो ‘नॉट’ घेतो. नेमक्या ४६ किंवा ४७ धावा झाल्या तर दोघेही हरतात आणि पैसा बुकीकडे राहतो. मधल्या दोन धावांचं अंतर ही त्याची दलाली. म्हणजे सरळ, बेइमानी न करतासुद्धा बुकी उपाशी मरत नाही.

आता समजा, या सहा षटकांतल्या एका षटकात गोलंदाज मुद्दाम १४ धावा देणार आहे, हे एकाच माणसाला आधी कळलं. एरवी त्या षटकात सात-आठ धावा गेल्या असत्या. म्हणजे बाजार ४७ च्या आसपास अंदाज बांधून बसला आहे आणि खरा आकडा ५३ कडे निघाला आहे. ज्याला हे माहीत आहे तो दुसऱ्या बुकींकडे जाऊन ‘येस’ उचलत सुटतो आणि स्वतःकडे येणाऱ्यांना खुशाल ‘नॉट’ लावू देतो. त्याच्यासाठी तो सट्टा राहत नाही, वसुली होते.

केळीवाल्यांना हे सांगायला फार शब्द लागणार नाहीत. उद्या केळीचा भाव काय निघणार हे एकाच व्यापाऱ्याला आज रात्री ठाऊक असेल, तर तो आज कोणाचा माल बांधेल आणि कोणाचा सोडेल? शेतकरी त्याच्याशी सौदा करतोय असं समजतो, पण समोरच्याचे पत्ते उघडे आहेत. सेशनवर हजार-पाचशे लावणाऱ्या पोराची गत तीच. तो क्रिकेटचं ज्ञान पणाला लावतो. समोरच्याने निकाल विकत घेतलेला असतो.

हा पैसा एका जागी थांबत नाही. लहान बुकीकडे एका बाजूला जास्त भार झाला की तो वरच्याकडे उतरवतो, तो त्याच्या वरच्याकडे. गाव, तालुका, शहर, महानगर, शेवटी देशाबाहेर. म्हणून वर बसलेल्याला एका षटकासाठी खेळाडूला लाखो रुपये देणं परवडतं. खाली हजारो लोक थोडं थोडं हरत असतात.

एका षटकाचाच सौदा का, हेही यातूनच कळतं. सामना हरवायचा तर पाच-सहा खेळाडू हाताशी लागतात, आणि पाच-सहा तोंडं बंद राहत नाहीत. षटकाला एक गोलंदाज पुरतो. शिवाय त्या गोलंदाजाला स्वतःची समजूत घालायला जागा मिळते : आपण काही संघाला हरवत नाही, चौदाच धावा तर देतोय.

आपल्या राज्यातला गोलंदाज

मध्य प्रदेशाला हे प्रकरण लांबचं नाही. टी. पी. सुधींद्र हा मध्य प्रदेशचा मध्यमगती गोलंदाज. २०११-१२ च्या रणजी हंगामात त्याने ४० बळी घेतले, देशात सर्वांत जास्त. त्या जोरावर आयपीएलमध्ये डेक्कन चार्जर्सचं दार उघडलं. मे २०१२ मध्ये एका वृत्तवाहिनीने छुप्या कॅमेऱ्याने केलेलं स्टिंग दाखवलं आणि त्यात पाच खेळाडू अडकले. बोर्डाने रवी सवानी यांच्याकडे चौकशी दिली. जूनच्या अखेरीस निकाल लागला : देशांतर्गत सामन्यात स्पॉट-फिक्सिंगसाठी पैसे घेतल्याबद्दल सुधींद्रवर आजन्म बंदी. शलभ श्रीवास्तववर पाच वर्षं. मध्य प्रदेशचाच मोहनीश मिश्रा (तेव्हा पुणे वॉरियर्सकडे), गोव्याचा अमित यादव आणि अभिनव बाली यांच्यावर प्रत्येकी एक वर्ष.

यातल्या एकानेही भारताकडून सामना खेळलेला नव्हता. फिक्सर कोणाला गाठतो, ते इथे दिसतं. कोट्यवधींचा करार असलेल्या स्टारपेक्षा संघात कधी आत, कधी बाहेर असलेला, पुढच्या वर्षी करार मिळेल की नाही याची खात्री नसलेला खेळाडू त्याला सोपा पडतो. बळींची संख्या देशात पहिली असूनही नाव घराघरांत नाही, अशी ती अवस्था.

टॉवेल, मनगटपट्टी आणि विसरलेली खूण

वर्षभराच्या आत मोठा स्फोट झाला. १६ मे २०१३ रोजी दिल्ली पोलिसांच्या विशेष कक्षाने मुंबईत राजस्थान रॉयल्सच्या तीन खेळाडूंना अटक केली : एस. श्रीसंत, अजित चंडिला आणि मुंबईचा डावखुरा फिरकीपटू अंकित चव्हाण. आदल्याच रात्री वानखेडेवर राजस्थानचा मुंबई इंडियन्सशी सामना झाला होता.

पोलिसांनी तेव्हा मांडलेली कहाणी अशी. पैसा देणाऱ्याला ‘आता सुरू’ हे कळायला हवं, म्हणून प्रत्येकाला खूण ठरवून दिली होती. ९ मे रोजी मोहालीत श्रीसंतने कमरेला छोटा टॉवेल खोचायचा. ५ मे रोजी जयपूरला चंडिलाने आपल्या षटकाआधी शर्ट वर करायचा. १५ मे रोजी वानखेडेवर चव्हाणने मनगटपट्टी फिरवायची. खूण झाल्यावर गोलंदाजाने थोडा वेळ काढायचा, हातपाय ताणायचे, क्षेत्ररक्षण हलवायचं, म्हणजे तेवढ्यात बुकींना पैसे लावता येतील. पोलिसांच्या म्हणण्यानुसार श्रीसंतचा सौदा ४० लाखांचा, चव्हाणचा ६० लाखांचा होता आणि चंडिलाला २० लाख आगाऊ मिळाले होते. चंडिलाने धावा दिल्या, पण खूण करायलाच विसरला. त्यामुळे बुकींना पैसे लावता आले नाहीत आणि रक्कम परत करण्यावरून भांडण लागलं. चोरीच्या धंद्यातही करार मोडल्याची तक्रार असते, ती अशी.

लागोपाठ मुंबई पोलिसांनी विंदू दारासिंग आणि चेन्नई सुपर किंग्जशी संबंधित गुरुनाथ मय्यप्पन यांना सट्ट्याच्या आरोपात पकडलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, न्या. मुकुल मुदगल समिती नेमली गेली, पुढे न्या. आर. एम. लोढा समितीने १४ जुलै २०१५ रोजी चेन्नई आणि राजस्थान हे दोन्ही संघ दोन वर्षांसाठी बाहेर काढले आणि मय्यप्पन व राज कुंद्रा यांना क्रिकेटपासून कायमचं दूर केलं. हा भाग लोकांच्या लक्षात आहे. पुढचा कमी लक्षात आहे.

लोढा समितीच्या निर्णयाला अकरा दिवस होतात न होतात तोच, २५ जुलै २०१५ रोजी, दिल्लीच्या पतियाळा हाउस कोर्टाने श्रीसंत, चव्हाण, चंडिला आणि इतर आरोपींना आरोपमुक्त केलं. खटला सुरूच झाला नाही. दिल्ली पोलिसांनी यात मकोका लावला होता. हा मूळचा महाराष्ट्राचा, संघटित गुन्हेगारीविरुद्धचा १९९९ चा कायदा, जो पुढे दिल्लीलाही लागू केला गेला. पण खेळाडू संघटित टोळीचा भाग आहेत असं दाखवणारा पुरेसा पुरावा कोर्टाला दिसला नाही. मकोका गेला, फसवणुकीचं कलमही टिकलं नाही.

फसवलं कोणाला?

इथे कायद्याची खरी गाठ आहे. भारतात ‘सामना फिक्स करणे’ हा गुन्हा असं सांगणारा वेगळा केंद्रीय कायदाच नाही. मग पोलिस जवळचं कलम उचलतात : फसवणूक, जुनं ४२०. त्यात सिद्ध करावं लागतं की एका माणसाला खोटं भासवलं आणि त्या भुलीत त्याने आपला पैसा किंवा मालमत्ता दिली. आता तो माणूस शोधा. प्रेक्षकाने तिकीट आपल्या मर्जीने काढलं, त्याला गोलंदाजाने काढायला लावलं नाही. संघमालकाने पगार दिला तो वर्षाच्या करारावर. खरा लुटला गेला तो सट्टा लावणारा, पण त्याचा स्वतःचाच व्यवहार बेकायदा. कॉमर्सच्या पोरांना पाठ असलेलं करार कायद्याचं कलम ३० हेच सांगतं की पैजेचा करार रद्दबातल. तो कोणत्या तोंडाने कोर्टात उभा राहणार?

बेळगावच्या वाचकांना याचं जवळचं उदाहरण आठवत असेल. २०१९ मध्ये कर्नाटक प्रीमियर लीगच्या चौकशीत बंगळूर पोलिसांनी पहिल्या टप्प्यात ज्यांना उचललं त्यांत बेळगावी पँथर्स संघाचा मालक होता. नोव्हेंबरमध्ये सी. एम. गौतम आणि अबरार काझी या खेळाडूंना अटक झाली. अंतिम सामन्यात मुद्दाम संथ खेळण्यासाठी पैसे घेतल्याचा आरोप होता. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने आरोपपत्र रद्द केलं. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं : फिक्सिंग ही अप्रामाणिकपणाची आणि बेशिस्तीची गोष्ट आहे, बोर्डाने त्यावर कारवाई करावी, पण ४२० खाली ती बसत नाही, कारण प्रेक्षक स्वखुशीने तिकीट काढतो. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं.

म्हणजे कोर्टाने सोडलं याचा अर्थ ‘काही घडलंच नाही’ असा प्रत्येक वेळी होत नाही. आणि कोर्टात काहीच सिद्ध झालेलं नसताना आजन्म गुन्हेगार ठरवणंही बरोबर नाही. श्रीसंतच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हाच मधला रस्ता काढला. फौजदारी खटला आणि बोर्डाची शिस्तभंगाची कारवाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बोर्डाला पुराव्याचं माप वेगळं लावता येतं, असं सांगितलं. पण १५ मार्च २०१९ च्या निकालात आजन्म बंदीची शिक्षा बाजूला ठेवून फेरविचार करायला लावलं. बोर्डाचे लोकपाल डी. के. जैन यांनी ती सात वर्षांवर आणली. चव्हाणची बंदीही पुढे सात वर्षांचीच झाली. सप्टेंबर २०२० मध्ये मुदत संपली तेव्हा फिरकीपटूच्या उमेदीची वर्षं निघून गेली होती.

इंग्लंडमध्ये काय झालं ते शेजारी ठेवून बघा. ऑगस्ट २०१० मध्ये लॉर्ड्स कसोटीत पाकिस्तानच्या मोहम्मद आसिफ आणि मोहम्मद आमीरने ठरवून नो-बॉल टाकले. कर्णधार सलमान बट्ट आणि दलाल मजहर मजीद यांनी ते ठरवलं होतं. एका वृत्तपत्राने मजीदला दीड लाख पौंड मोजताना टिपलं होतं. नोव्हेंबर २०११ मध्ये लंडनच्या कोर्टाने बट्टला ३० महिने, आसिफला एक वर्ष, आमीरला सहा महिने आणि मजीदला दोन वर्षं आठ महिने तुरुंगवास दिला. तिथे जुगार कायदेशीर आहे, म्हणून ‘जुगारात लबाडी करणे’ हा गुन्हाही कायद्यात लिहिलेला आहे. आपल्याकडे जुगारच बेकायदा, त्यामुळे त्यातल्या लबाडीला नाव नाही. श्रीलंकेने २०१९ मध्ये वेगळा कायदा केला आणि दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद ठेवली. आपल्या विधी आयोगाने जुलै २०१८ च्या २७६ व्या अहवालात फिक्सिंगला स्पष्ट गुन्हा ठरवा अशी शिफारस केली होती. अहवाल आहे, कायदा नाही.

दिरंगाईचं टोक बघायचं तर हॅन्सी क्रोनिए प्रकरण बघावं. दिल्ली पोलिसांनी ते एप्रिल २००० मध्ये उघड केलं. आरोपपत्र दाखल झालं जुलै २०१३ मध्ये. क्रोनिए त्याच्या अकरा वर्षं आधीच, जून २००२ मध्ये, विमान अपघातात वारला होता.

हद्द ओलांडली की कायदा बदलतो

राज्यघटनेत सट्टा आणि जुगार हा राज्यांचा विषय आहे. म्हणून बऱ्हाणपूर जिल्ह्यात १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा मध्य प्रदेशच्या दुरुस्त्यांसह चालतो आणि रावेरमध्ये १८८७ चा मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा. दोन्ही इंग्रजांच्या काळातले, दोन्हींच्या डोळ्यासमोर फड, पत्ते आणि ‘जुगाराचं घर’. मोबाईलमध्ये आयडी घेऊन केळीच्या बागेत बसलेला माणूस या व्याख्येत कसाबसा बसतो. पकडलं तर बहुतेक वेळा दंड भरून सुटका. सीमेवरच्या खाईवालाला याची चांगली जाण असते. पोरं एका राज्यातली, फोन दुसऱ्या राज्यातला, बँक खातं तिसऱ्याच ठिकाणचं.

अलीकडे दोन बदल झालेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये टोळीने चालवलेला बेकायदा सट्टा आला असून त्याला एक ते सात वर्षं शिक्षा आहे. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा ठेवलेली नाही. दोन्ही कायदे सट्ट्याला धरतात. मुद्दाम नो-बॉल टाकणारा गोलंदाज मात्र अजूनही त्यांच्या पलीकडेच उभा आहे.

शेतातलं आयपीएल

हे सगळं वानखेडे आणि लॉर्ड्सवरचं, आपल्या टेनिस बॉल स्पर्धेशी काय घेणं, असं वाटत असेल तर मोलीपूर बघा. गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात वडनगरजवळचं हे गाव. जुलै २०२२ मध्ये पोलिसांनी तिथल्या एका शेतात चाललेली बनावट ‘आयपीएल’ पकडली. शेतात खेळपट्टी, हॅलोजनचे दिवे, कॅमेरे. गावातले एकवीस शेतमजूर आणि बेकार तरुण चेन्नई, मुंबई, गुजरातच्या जर्सी घालून खेळत. यूट्यूबवर थेट प्रक्षेपण, मागे प्रेक्षकांचा रेकॉर्ड केलेला गलका, आणि हर्षा भोगले यांच्या आवाजाची नक्कल करणारा समालोचक. पैसे लावणारे होते रशियातल्या त्वेर, वोरोनेझ आणि मॉस्कोमधले. टेलिग्रामवरून भाव ठरायचा, पंचाच्या वॉकीटॉकीवर निरोप यायचा, पंच गोलंदाज-फलंदाजाला सांगायचा, आणि पुढच्या चेंडूवर चौकार पडायचा किंवा विकेट. पोलिस पोचले तेव्हा स्पर्धा बाद फेरीपर्यंत गेली होती.

खेळाडूंना एका सामन्याचे ४०० रुपये मिळत.

त्यांतल्या कितीजणांना आपण कशात आहोत हे कळत होतं, हा वेगळाच प्रश्न. पण जिथे चेंडूगणिक धावफलक ऑनलाइन जातो आणि मोबाईलवरून सामना थेट दाखवला जातो, तिथे जगात कुठूनही त्यावर पैसे लावता येतात, एवढं या शेताने दाखवून दिलं. आता तालुक्याच्या स्पर्धाही ॲपवर असतात. एरवी बक्षीस ढाल आणि दोन-पाच हजारांचं, पण अचानक कोणी अनोळखी ‘प्रायोजक’ प्रक्षेपणाचा सगळा खर्च उचलायला पुढे आला आणि सामन्यांच्या वेळा, पंच, समालोचक तोच ठरवू लागला, तर आयोजकांनी मोलीपूर आठवावं.

दुसरं आमिष बँक खात्याचं. छत्तीसगडमधल्या भिलाईच्या मंडळींनी दुबईतून चालवल्याचा आरोप असलेल्या ‘महादेव’ ॲप प्रकरणात ईडीने सांगितलं की सट्ट्याची ‘पॅनेल’ शाखेसारखी वाटली जात, नफ्याची वाटणी ७०-३० अशी, आणि पैसा दुसऱ्यांच्या नावावरच्या खात्यांमधून फिरे. असं खातं ज्याच्या नावावर असतं तो बहुतेक वेळा विशी-पंचविशीतला पोरगा असतो. महिन्याला काही हजार मिळतात म्हणून पासबुक, एटीएम आणि सिम देऊन बसलेला. चौकशीची नोटीस आधी त्याच्याच घरी येते, कारण कागदावर नाव त्याचं असतं.

नोंदणीकृत क्रिकेट खेळणाऱ्यांसाठी नियम सोपा आणि कडक आहे : फिक्सिंगसाठी कोणी विचारलं तर कळवायचं. नाही म्हटलं एवढ्याने भागत नाही, न कळवणं हाच गुन्हा. बांगलादेशचा शाकिब अल हसन याने एका सट्टेबाजाच्या तीन विचारणा कळवल्या नाहीत म्हणून ऑक्टोबर २०१९ मध्ये आयसीसीने त्याला दोन वर्षांसाठी निलंबित केलं, त्यातलं एक वर्ष स्थगित. त्याने एक चेंडूही वाकडा टाकल्याचा आरोप नव्हता. जानेवारी २०१६ मध्ये नागपूरचे शशांक मनोहर अध्यक्ष असलेल्या बोर्डाच्या शिस्तपालन समितीने मुंबईचा फलंदाज हिकेन शाह याच्यावर पाच वर्षांची बंदी घातली. या समितीत आपल्या राज्यातले ज्योतिरादित्य शिंदेही होते. शाहवर ठपका होता तो दुसऱ्या खेळाडूला गळ घातल्याचा. ज्याला विचारलं, त्याने ते दाबून न ठेवता कळवलं, म्हणूनच प्रकरण बाहेर आलं.

गावच्या टेनिस बॉल स्पर्धेला मात्र बोर्डाचे हे नियम लागू नाहीत, तिथे कळवायला भ्रष्टाचारविरोधी अधिकारीही नसतो. तिथली तक्रार जवळच्या पोलिस ठाण्यातच करावी लागते. कोणाला आपलं खातं वापरायला दिलेलं असेल तर बँकेत लेखी अर्ज देऊन ते आधी बंद करावं आणि अर्जाची पोच जपून ठेवावी. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले असतील तर १९३० हा क्रमांक मध्य प्रदेशातही चालतो आणि महाराष्ट्रातही.